बापाच्या हातचं दूध

माझ्या मुलीला बाटलीनं दूध पाजायचं काम माझ्यावर येऊन पडलं, त्या दिवसापर्यंत मी स्वतःला एक जबाबदार माणूस समजत असे. अर्जुनी मोरगावच्या पाटबंधारे कचेरीत मी कारकून होतो. आसपासच्या तलावांत पाणी किती फूट, किती इंच आहे, ते माझ्या हातानं लिहिलं जाई आणि भंडाऱ्याला जाई. एवढाले तलाव ज्याच्या हाताखाली, त्याला वाटीभर दुधाचं काय, असं कोणालाही वाटलं असतं. मला तर वाटलंच.

झालं असं की बाळंतपणानंतर प्रेमिलेला, म्हणजे माझ्या बायकोला, ताप भरला आणि तो उतरायचं नाव घेईना. तिला गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की आईला बरेच दिवस ठेवून घ्यावं लागेल, तिचं दूध बाळाला पाजायचं नाही, आणि बाळालाही इथे ठेवायचं नाही, कारण वॉर्ड तापाच्या रोग्यांनी भरला आहे. सासूबाई, अनुसयाबाई, लेकीजवळून हलायला तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. माझी आई जाऊन बरीच वर्षं झालेली.

"मग बाळाला कोण बघणार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे माझे वडील चैतरामजी उभे होते, खांद्यावर शेला, हातात काठी. धानाची कापणी अर्धवट टाकून ते आले होते आणि ही गोष्ट त्यांनी प्रत्येकाला सांगितली होती.

"मी बघणार," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी ओळखतो. आमचे साहेब तलावाच्या फुटक्या पाळीकडे तसंच पाहतात. पण त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. बाटली काचेची होती, होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना उघडी. एका टोकाला रबरी बोंडी लावायची, तिला त्या निपल म्हणत, आणि दुसऱ्या टोकाला रबरी बूच. डब्यात दुधाची भुकटी, तिच्यात मापाचा चमचा. पाणी उकळलेलं हवं. बाटली उकळलेली हवी. रबर उकळलेलं हवं. दूध मनगटावर टाकून पाहायचं, गरम लागू नये, गार लागू नये. गाईचं दूध इतक्यात मुळीच नको, कारण ते या पोरीला पचलं नव्हतं. मी मान डोलवत होतो. हे तर आमच्या खात्याचंच काम, असं मला आतून वाटत होतं: पाणी, माप, झडप.

निघताना प्रेमिलेनं आम्हाला जवळ बोलावलं. तिनं मुलीच्या कपाळाला हात लावला आणि मग माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "तुम्ही घाई करता प्रत्येक गोष्टीत. हिच्याबाबतीत करू नका."

छोट्या लाईनची गाडी गोंदियाहून निघाली तेव्हा माझ्याजवळ दोन बाटल्या, दोन निपल, एक डबा आणि थर्मासमध्ये उकळून कोमट केलेलं पाणी होतं. मुलगी माझ्या मांडीवर झोपलेली होती. मी समोरच्या बाकावरच्या माणसाला नव्या पद्धतीच्या शिशुपोषणाबद्दल थोडं सांगितलं. सौंदडच्या अलीकडे ती जागी झाली आणि रडू लागली. मी शांतपणे डबा उघडला, चमच्यानं भुकटी मोजली आणि थर्मास उलटा केला. त्यातून एक थेंब पडला.

"पाणी कोठी गेलं?" मी विचारलं. घाबरलो की मी वडिलांच्या बोलीत बोलतो.

"मी पेलो," वडील म्हणाले. "कोमट होतं, छातीले बरं वाटलं. तू तं सांगतलंच नाई का पोट्टीचं हाये म्हणून."

डब्यातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मुलीचा आवाज चढत होता. कोणीतरी म्हणालं, इंजिनात हवं तेवढं उकळतं पाणी असतं. मला ते पटलं. इंजिनापेक्षा जास्त उकळलेलं पाणी या पृथ्वीवर कुठे मिळणार. गाडी सौंदडला थांबताच मी मुलीला वडिलांच्या हाती दिलं आणि शेजारच्या बाईचा लोटा घेऊन पळालो.

ड्रायव्हर दुलीचंद गोंदियाचा. माणूस मोठा प्रेमळ, बोलणं अर्धं हिंदीत. "बच्चे के लिए? चढा ना वर, बाबूजी," तो म्हणाला. मी वर चढलो. त्यानं कुठलीशी तोटी फिरवली, वाफेचा लोट उठला आणि लोटा भरला. पाण्यावर तेलाचे इंद्रधनुष्यासारखे गोल तरंगत होते.

"यात तेल आहे," मी म्हणालो.

"थोडा रहता है. पण सौ बार उबला हुआ आहे," दुलीचंद म्हणाला.

हे पाणी पाजावं की नाही याचा मी विचार करत उभा राहिलो. विचार करायला मला नेहमीच थोडा वेळ लागतो, आणि छोट्या लाईनची गाडी, जी एरवी म्हशीसाठी थांबते, ती नेमकी त्या दिवशी वेळेवर सुटली. खाली उडी मारायचं धैर्य मला झालं नाही. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी इंजिनात कोळशाच्या ढिगाला टेकून, तेलकट पाण्याचा लोटा छातीशी धरून, मागच्या डब्यातून ऐकू येतं का म्हणून कान लावून होतो. वाफेच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. तेच जास्त भयंकर होतं.

पुढच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा समोरच चहावाल्याच्या चुलीवर पाण्याचं पातेलं खदखदत होतं. "इथे नेहमी गरम पाणी मिळतं?" मी दुलीचंदला ओरडून विचारलं. "हमेशा," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला इंजिनचंच हवं."

मी डब्यात शिरलो तेव्हा माझी मुलगी एका अनोळखी बाईच्या मांडीवर होती आणि वडील तिच्यासमोर काठी नाचवत होते. माझं तोंड कोळशानं काळं झालेलं. मुलीनं मला पाहिलं आणि ती रडायची थांबली. डबाभर लोक हसले. चहावाल्याचं पाणी पेल्यात ओतून, फुंकून फुंकून कोमट करून मी दूध कालवायला घेतलं, तोच गाडीनं धक्का दिला आणि भुकटी उडून वडिलांच्या मिशीवर, त्या बाईच्या लुगड्यावर आणि कोणाच्या तरी कोंबड्यांच्या टोपलीवर पसरली. पण उरलेल्यात एक बाटली झाली. मुलगी ती प्यायली, सगळी नाही, पण प्यायली. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. कापलेल्या धानाचे कडपे शेतांच्या बांध्यांत पडलेले होते आणि मला वाटलं, अवघड भाग संपला.

अर्जुनीत आमच्या शेजारी भैयाजी राहत. धानाची अडत, रिकामा वेळ पुष्कळ, आणि माहिती नाही असा विषय नाही. मी घरी पोचून चूल पेटवतो न पेटवतो तोच ते येऊन दोन्ही घरांना लागून असलेल्या ओट्यावर बसले. त्यांची बायको शामकलाबाई मुलीला घेऊन आत गेली. तिनं चार लेकरं वाढवली होती, पण डॉक्टरीणबाईंच्या सूचना मला मिळाल्या होत्या, तिला नाही. तेव्हा मी तिला सूचना सांगितल्या. तिनं पूर्ण ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "भाऊजी, पाणी उकळून सांडून रायलं."

पाणी खरंच उतू जात होतं. मी घाईनं एक गार बाटली त्यात टाकली. तडाक असा आवाज झाला. होडीचे दोन तुकडे झाले, जणू खडकावर आपटली.

"काच थंडी होती," भैयाजी ओट्यावरून म्हणाले.

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

दुसरी बाटली मी गार पाण्यापासूनच तापवत नेली, ती टिकली. मग दोन्ही निपल एका लहानशा पातेलीत उकळायला ठेवले. तेवढ्यात भैयाजींनी विचारलं की हे रबर येतं कशातून. मी म्हणालो झाडातून. ते म्हणाले झाडातून नाही, मोटारीचे जुने टायर वितळवून करतात, त्यांच्या मेहुण्यानं रायपूरला डोळ्यांनी पाहिलंय. मी म्हणालो, लेकराच्या तोंडात द्यायची वस्तू टायरातून कशी होईल. ते म्हणाले, म्हणूनच आजकालची पोरं रस्त्यावर एवढी फिरतात. यावर मला बराच राग आला आणि मी ओट्यावर जाऊन त्यांना रबराच्या झाडाची सविस्तर माहिती दिली. ती संपायच्या बेतात असताना वडील आतून आले.

"गोवर्धन, घरात काय जळून रायलं बापा?"

पातेलीतलं पाणी आटून गेलं होतं. तळाशी दोन्ही निपल एकमेकांना चिकटून डांबरासारखे झाले होते. वास असा की शामकलाबाई मुलीला घेऊन मागच्या अंगणात गेली.

"पाहा, टायराचाच वास आहे," भैयाजी म्हणाले.

बाटली होती, भुकटी होती, पाणी होतं, भूक होती, फक्त मधली इंचभर वस्तू नव्हती. अर्जुनीच्या बाजारात ती मिळणं शक्य नव्हतं. वाण्यानं मला दिव्याच्या काचा दाखवल्या. शेवटी मी स्टेशनावर गेलो. दुलीचंदची गाडी परत गोंदियाला जायला उभी होती. त्याला मी म्हणालो, "उद्या येताना निपल आण. दोन नको, सहा आण. विसरू नको, फार अडलंय."

"विसरणार कैसे," तो म्हणाला.

तोवर वडिलांनी कुठूनसं लांब चोचीचं पितळेचं बोंडलं शोधून काढलं. त्यातूनच दूध पिऊन मी स्वतः वाढलो असल्याचं त्यांनी सांगितलं. माझ्याकडे पाहून भैयाजी म्हणाले, "हो का," आणि ते का म्हणाले ते मी विचारलं नाही. बोंडलं उकळून त्यानं दूध पाजू लागलो. पण मुलगी इवलीशी, तिला ते जमेना, आणि मलाही जमेना. निम्मं दूध गळ्यावरून पाठीकडे जाई. ठसका लागला की ती निळी पडे आणि मी पांढरा. वडील म्हणत, गाय बांधली हाये, कायले हा खेळ करून रायला. शामकलाबाई मुलीचे कपडे बदलून पुन्हा मुलीला माझ्या हातात देई.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. दुलीचंदनं इंजिनातूनच पुडी फेकली. "सहा सांगितले होते, दर्जनभर आणले. अस्सल माल आहे, बाबूजी, गंजणार नाही."

मी पुडी उघडली. आत सायकलच्या चाकाच्या तारांना लावतात ते पितळेचे निपल होते. बारा, चकचकीत.

मी प्लॅटफॉर्मवरच बसलो. दुलीचंद खाली उतरून आला. माझ्याकडे सायकल नाही हे त्याला आता कळलं. बाटलीचा निपल म्हणजे काय ते मी हातवारे करून दाखवलं तेव्हा आजूबाजूला जमलेल्या मंडळींनी ते फार लक्ष देऊन पाहिलं. दुलीचंदला इतकं वाईट वाटलं की त्यानं गोंदियाला पोचल्यावर स्वतः दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंकडून निपल आणायचं कबूल केलं. म्हणजे आणखी एक दिवस.

त्या दिवशी दुपारी शामकलाबाईनं मुलीच्या टाळूवर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. "खोल गेली हाये," ती हळूच म्हणाली. मी हात लावून पाहिला. तलावाचं पाणी उतरलं की काठाची माती जशी खचते, तसं लागलं हाताला. भैयाजींकडे धान घेऊन आलेला एक गृहस्थ ओट्यावर बसला होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मुलगीच आहे ना, बाबू. एवढी धावपळ कायले?"

मी आयुष्यात कोणाला घरातून बाहेर काढलं नव्हतं. काढायची पद्धतही मला माहीत नव्हती. मी त्याची पगडी उचलून त्याच्या हातात दिली आणि रस्त्याकडे बोट केलं. तो गेला. नंतर लक्षात आलं की तो बसला होता ते ओट्याचं टोक भैयाजींचं होतं, आमचं नव्हतं. पण भैयाजींनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही.

मग वडील माझ्याजवळ येऊन बसले. गाईचा विषय त्यांनी काढला नाही. म्हणाले, "तू बोंडलं धर, मी कापसाची वात करतो. थेंब थेंब सोडू. मेंढीचं कोकरू असंच जगवलं होतं मी." आणि आम्ही दोघं बापलेक दिवस कलेपर्यंत त्या पोरीच्या ओठांवर थेंब सोडत बसलो. तिनं थुंकलं की वडील म्हणत, "थुक बापा, थुक, आमच्यापाशी आणखी हाये."

दुसऱ्या दिवशी निपल आले. खरे, रबरी. दुलीचंदनं ते स्वतःच्या टोपीत ठेवून आणले होते. सोबत सासूबाईंनी तोंडी निरोप पाठवला होता: प्रेमिलेचा ताप उतरू लागला आहे, ती विचारते, पोरगी रडते का. मी म्हणालो, "सांग, मुळीच रडत नाही." दुलीचंदनं मागे आमच्या घराच्या दिशेनं पाहिलं. आवाज स्टेशनापर्यंत येत होता. "सांगतो," तो म्हणाला.

निपलच्या टोकाला भोक पाडायचं होतं. सुई तापवून भोक पाडलं ते इतकं बारीक पडलं की मुलगी चोखून चोखून लाल झाली. मोठं केलं तर दूध धारेनं नाकात गेलं. पण तिसरा निपल बरोबर जमला, आणि तिच्या घशातून गट् गट् असा आवाज येऊ लागला. मी बाटलीकडे पाहत राहिलो. पातळी उतरत होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत उतरत्या पातळीचा मला असा आनंद कधी झाला नव्हता.

आता प्रश्न कचेरीचा. दर तीन तासांनी पाजायचं म्हणजे रजा हवी. आमचे ओव्हरसियर केशोराव नियमांचे पक्के. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"बाळंतपणाची रजा बाईमाणसाला असते, गोवर्धनराव."

"बाळंतपण नाही, साहेब. दूध पाजण्यासाठी आहे."

"तेही बाईमाणसालाच." मग ते जरा मऊ झाले. "हे पाहा, आपण आता मुंबई राज्यात आलो. जुन्या मध्यप्रदेशच्या नियमांत बापाला रजा नाही, आणि मुंबईचे नियम अजून इथवर पोचले नाहीत. त्यात असेल तर मला आनंदच आहे. आले की कळवीन." आणि आणखी एक कारण होतंच: नागपूरचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. तलावाचे आकडे तोंडपाठ असणारा कचेरीत मी एकटाच, निदान मी तसं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी घर-कचेरी अशा चकरा मारू लागलो. रस्त्यात लोक थांबवून विचारत, "प्यायली का?" ज्यांची माझी ओळख नव्हती तेही विचारत. शाळेसमोरून जाताना एकदा मास्तरांनी खिडकीतून विचारलं. माझं नाव गोवर्धन आहे हे अर्जुनी हळूहळू विसरत होती. मला आता दूधबाबू म्हणू लागले होते. सरकारी नोकराची गावात एक पत असते. ती घडवायला वर्षं लागतात. घालवायला एक बाटली पुरते, असं मी शामकलाबाईला म्हणालो, तर ती म्हणाली, "पत पिऊन पोट भरते का, भाऊजी?"

तपासणीच्या दिवशी नेमकी शामकलाबाई माहेरच्या लग्नाला गेली आणि वडील कापणी आटोपायला गावी गेलेले. मी मुलीला टोपलीत घालून कचेरीत नेलं आणि नकाशांच्या कपाटामागे ठेवलं. चपराशाच्या शेगडीवर पाणी ठेवलं. केशोरावांनी टोपलीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "आवाज येता कामा नये," एवढंच ते म्हणाले.

साहेब आले. उंच, करड्या मिशा, कमी बोलणारे. खुर्चीत बसले, कागद चाळू लागले, आणि कपाटामागून आवाज आला.

साहेबांनी वर पाहिलं. केशोराव खोकले. आवाज पुन्हा आला. खोकल्यानं झाकेल असा तो नव्हता. मी "आलोच" म्हणून कपाटामागे गेलो, दूध कालवलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. बाहेर केशोराव आकडे सांगत अडखळत होते. मग साहेबांचा आवाज आला, "आत्ता नक्की किती आहे?"

मी बाटलीवरच्या खुणेकडे पाहिलं. "चार औंस, साहेब," मी कपाटामागून म्हणालो. "अर्धा सांडला."

बाहेर कागदांची सळसळ थांबली.

"कशात?" साहेबांनी विचारलं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. मुलगी कडेवर, बाटली हातात, अशा अवस्थेत मी बाहेर आलो. तलावाचे फूट आणि इंच सांगायला तोंड उघडलं, पण डोक्यात एकही आकडा नव्हता. होती फक्त चमच्यांची संख्या. केशोरावांनी डोळे मिटून घेतले होते. साहेब उठून माझ्याजवळ आले. त्यांनी वाकून पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी.

"आई?" त्यांनी विचारलं.

"गोंदियाच्या दवाखान्यात. बरी होतेय, साहेब."

ते खुर्चीकडे परतले. मग केशोरावांना म्हणाले, "यांना घरी पाठवा. आई परत येईपर्यंत बोलवू नका. हजेरीचं मी पाहतो."

"पण साहेब, तलावांचं काम..." केशोराव म्हणाले.

"तलाव यांच्याशिवाय भरलेले आहेत," साहेब म्हणाले.

घरी जाताना मला रजा मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ते शेवटचं वाक्य मला अजूनही लागतं. आपल्याशिवाय तलाव भरतात हे प्रत्येक माणसाला आतून माहीत असतं. ते मोठ्या साहेबाच्या तोंडून, हाताखालच्या लोकांसमोर ऐकायचं नसतं. मुलीला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तिनं माझ्या खांद्यावर ढेकर दिली.

त्यानंतर मी आणि ती, आमचं जमून गेलं. मी दूध करायचं, तिनं प्यायचं, दोघांनी झोपायचं. टाळू भरून आली. गालांना रंग आला. भैयाजी ओट्यावर बसणाऱ्यांना सांगू लागले की शिशुपोषणाची ही पद्धत त्यांनीच मला समजावली. वडील गावाहून आले की तिला हातावर तोलून पाहत आणि मान हलवत.

आणि एक दिवस प्रेमिला आली. मी स्टेशनावर गेलो होतो. सासूबाईंच्या आधारानं ती डब्यातून उतरली, इतकी बारीक झालेली की क्षणभर मी ओळखलं नाही. दुलीचंदनं ती नीट उतरेपर्यंत गाडी थांबवून धरली आणि गार्डाला काहीतरी भलतंच कारण सांगितलं.

घरी आल्या आल्या तिनं हात पसरले. मी मुलगी तिच्याजवळ दिली आणि अभिमानानं बाजूला उभा राहिलो. मुलीनं तिच्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि रडू लागली. प्रेमिला थोपटू लागली, हलवू लागली, नाव घेऊ लागली. मुलगी मान वळवून वळवून माझ्याकडे पाहत होती. मी बाटली आणून दिली. तिच्या हातून ती तोंडातच घेईना. प्रेमिलेचं दूध तर तापात आटून गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, होईल सवय. शामकलाबाईही आली, तीही म्हणाली, होईल. प्रेमिलेनं मुलीला माझ्याकडे परत दिलं. मुलगी गप्प झाली, आणि ती गप्प झाल्याचं मला जितकं वाईट वाटलं, तितकं तिच्या रडण्याचंही कधी वाटलं नव्हतं.

"चांगली ठेवली तुम्ही," प्रेमिला भिंतीकडे पाहत म्हणाली. "मले नाई ओळखत आता."

अशा वेळी नवऱ्यानं काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी मुलीला शामकलाबाईकडे दिलं आणि अंगातला शर्ट काढला. रोजचाच कचेरीचा शर्ट, खांद्यावर दुधाचे डाग वाळून कडक झालेले, वास असा की मला स्वतःला लाज वाटे.

"हा घाल," मी प्रेमिलेला म्हणालो.

"काय?"

"लुगड्यावरून घाल. ती तोंड बघत नाही. ती वासावर चालते."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. प्रेमिलेनं माझ्याकडे नीट पाहिलं, मी चेष्टा करतोय का ते. मग तिनं तो शर्ट अंगात घातला. बाह्या हातांच्या पुढे लोंबत होत्या. शामकलाबाईनं त्या दुमडून दिल्या आणि मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. मुलगी कुरकुरली, मग तिनं खांद्याच्या त्या डागावर नाक घासलं. प्रेमिलेनं बाटली पुढे केली. ती तिरपी धरली होती, बुचाकडून थेंब गळत होता, निपलमध्ये हवा जात होती. या तिन्ही चुकांवर मला सविस्तर बोलता आलं असतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो आणि एक शब्द बोललो नाही.

गट्, असा आवाज आला. मग आणखी एक. प्रेमिलेनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे शर्टात हळूहळू खाली आले.

बाहेर ओट्यावरून भैयाजींनी विचारलं, "प्यायली का, दूधबाबू?"

मी उघड्या अंगानं, थंडीत कुडकुडत, बाहेर आलो. "आईजवळ आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी आपला शेला काढून माझ्या अंगावर टाकला.